दस्ता अर्धाच ओढावा

बाळांनो, एका जंगलात भुईमुगाचं शेत होतं. जंगलात शेत कसं, असं विचारू नका. असं विचारणाऱ्यांना तिथे नोकरी मिळत नसे.

शेताचे राखणदार होते काटेराव साळिंदर. त्यांच्याकडे सरकारी बंदूक होती. नळीखालचा लाकडी दस्ता मागे ओढून पुढे ढकलला, की रिकामं काडतूस बाहेर पडायचं आणि नवं वर यायचं. निदान यायला हवं होतं. पहिला बार झकास उडे. दुसरं काडतूस मधेच अडके.

पलीकडच्या रानातल्या डुकरांना हे कळलं होतं. पहिला बार होईपर्यंत ती बांधावर बसून राहत. मग सावकाश शेतात शिरत.

सिंहमहाराजांचा निरोप आला. "सोमवारी दुसरा बार उडाला नाही, तर नोकरी गेली. नोकरीबरोबर बीळही."

बिळात चार पिल्लं होती. काटेरावांनी महाराजांच्या दुरुस्ती समितीपुढे हात जोडले.

अस्वल म्हणालं, "स्प्रिंग थकलीय." नवी स्प्रिंग बसली. माकड म्हणालं, "काडतुसं दमट हवेनं फुगलीत." नवी काडतुसं आली. घुबड म्हणालं, "तेल कमी पडतंय." इतकं तेल घातलं, की बंदूक काटेरावांच्या हातून दोनदा निसटली. काडतूस अडकलंच. समितीने चहा घेतला आणि 'सुधारणा समाधानकारक' असं लिहून दिलं.

सोमवारी दुपारी काटेराव मुंगूसशेठच्या दुकानात गेले. शेठ शाळेत गेलेले नव्हते. मोडकी कुलपं उघडता उघडता शिकलेले.

"या, बसा. जरा ओढून दाखवा बघू."

काटेरावांनी दस्ता हलकेच ओढला.

"अहो, हा तर निम्माच आला! पार मागे आल्याशिवाय खालचं काडतूस वर येईल कसं? मी दुकानाची एकच फळी काढली, तर गिऱ्हाईक आत शिरेल का?"

"पार ओढला की खाट्‌कन वाजतं, शेठ."

"मग वाजू द्या की!"

काटेरावांनी पिशवीतून एक कागद काढला. मागे त्या आवाजाने महाराजांची डुलकी मोडली होती, तेव्हाचं परिपत्रक. 'दस्ता सावकाश व अर्धाच ओढावा.'

शेठनी ते वाचलं आणि नीट घडी घालून परत दिलं.

"बंदूक ठणठणीत आहे, राव. जे बिघडलंय, त्याचा सुटा भाग माझ्याकडे मिळत नाही."

दिवस कलला. डुकरं आली. पहिला बार झाला. डुकरं अंग झटकून निवांत उठली. काटेरावांना कागद आठवला. मग पिल्लं आठवली. त्यांनी दस्ता पार मागे ओढला.

खाट्‌! दुसरा बार उडाला. डुकरं पळाली ती थेट नदीपार. त्या दिवशी एकही शेंग गेली नाही.

महाराज मात्र दचकून जागे झाले.

मंगळवारी परिपत्रक मोडल्याबद्दल काटेरावांची नोकरी गेली. बीळही गेलं. बंदूक दुरुस्त केल्याबद्दल समितीचा सत्कार झाला. नव्या राखणदाराला बंदूक मिळाली आणि तिच्यासोबत तोच कागद. बुधवारी डुकरं पुन्हा बांधावर येऊन बसली.

तात्पर्य: बिघाड शोधत राहावा, काढू नये. शोधणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो. काढणाऱ्याला दुसरं बीळ खणावं लागतं.