दोनशे बारा सूचना

दहा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल हा मुलांच्या आनंदासाठी असतो, याबद्दल कुणाचंही दुमत नाही. इतकी गंभीर बाब मुलांवर सोपवून चालणार नाही, याबद्दल तर पालकांचंही नाही.

दातांच्या डॉक्टरांची नऊ वर्षांची लेक संघाची गोलकीपर होती. दर रविवारी डॉक्टर समोरच्या संघाच्या गोलमागे घडीची खुर्ची मांडत. (हंगामभरात ते तिच्यावर एकूण चार मिनिटं टेकले, त्यांतली तीन मध्यंतरात.) आठवडाभर लोक त्यांच्यापुढे आ वासून, चकार शब्द न काढता पडून राहत. रविवारीही थोडी शिस्त असावी, एवढीच त्यांची माफक अपेक्षा.

चेंडू लेकीकडे निघाला की डॉक्टर ओरडत, "डावीकडे!" लेक गुणाची. ती डावीकडे झेपावे आणि चेंडू उजवीकडून आत जाई. पाच सामन्यांत अकरा गोल झाले. डॉक्टरांनी तीन पानी अहवाल तयार केला. निष्कर्ष : मुलीला डावं-उजवं कळत नाही. (समोरच्याचं डावं ते आपलं उजवं, ही किरकोळ बाब अहवालात नाही. दवाखान्यात मात्र बावीस वर्षांत त्यांनी कुणाचा भलत्या बाजूचा दात काढलेला नाही.) मग घरी सराव सुरू झाला. पेला कुठल्या हाताला आहे हे सांगितल्याशिवाय तिला पाण्याचा घोट मिळेना.

सहाव्या सामन्याआधी संघाच्या सरांनी तिला जवळ घेतलं. "बाळा, आज नाही जमलं तर पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी उभं करावं लागेल." गोलमध्ये उभं राहायला तिला मनापासून आवडायचं. सरांचं बोलणं ऐकून डॉक्टरांनी आवाज वाढवायचं ठरवलं.

त्या दिवशी त्यांनी दोनशे बारा सूचना दिल्या (मोजणी शेजारच्या पालकाची). एकही गोल झाला नाही. डॉक्टर धावत मैदान ओलांडून गेले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघ, बाबाचं ऐकलं की कसं जमतं!"

लेकीने कानांतून कापसाचे दोन बोळे काढले. दाढ काढल्यावर ठेवतात ते, दवाखान्यातलेच.

"काय म्हणालास, बाबा?"

डॉक्टरांना वाईट वाटलं. अगदी घरी पोहोचेपर्यंत वाटत राहिलं.

पुढच्या रविवारी खुर्चीभोवती पालकांची रांग लागली. सगळ्यांना बोळे हवे होते, आणि कारण सगळ्यांचं एकच : बाकीच्या पालकांच्या आरडाओरड्याने आमच्या मुलाचं लक्ष उडतं. डॉक्टरांनी सर्वांना बोळे दिले. त्याच कारणासाठी लेकीलाही स्वतःच्या हाताने दिले. मग सगळे आपापल्या जागी गेले आणि घसा साफ करू लागले.

वाचकहो, हे वाचताना तुम्हाला ओळखीचे एक-दोन पालक नक्की आठवले असतील. त्यांच्या मुलांसाठी बोळे हवे असल्यास डॉक्टरांकडे जरूर मागा. तुमच्या मुलासाठी मागू नका. तो कधीच घेऊन गेला आहे.