हरलेल्या माणसाचा हसरा फोटो

घंटा वाजायला लागली तेव्हा सरासरीसाहेबांना आधी वाटलं, आग लागली. मग लक्षात आलं की वाजतंय ते आपल्याच पुढ्यातलं मशीन. आग परवडली असती.

सरासरीसाहेब नियोजन खात्यात आकडेतज्ज्ञ होते. कुणी काहीही विचारलं तरी ‘सरासरी बघता’ अशी सुरुवात करायचे, म्हणून खात्याने हे नाव ठेवलेलं. सरकारी परवान्याने उघडलेल्या जुगारघरामुळे समाजाचा आर्थिक फायदा होतो का, याचा अहवाल त्यांना उद्याच्या जाहीर सुनावणीत मांडायचा होता. तेवढ्यासाठी एकदा डोळ्यांनी गिऱ्हाइकं मोजावीत म्हणून ते आत शिरले आणि एका मशीनपुढे टेकले. ‘न खेळता बसता येणार नाही,’ असं राखणदाराने दरडावल्यावर त्यांनी घाबरून दारात फुकट मिळालेलं टोकन आत सारलं.

घरी कळलं तर संपलंच. सासऱ्यांनी चालतं दुकान पत्त्यांवर घालवलं होतं. तेव्हापासून सासूबाई जुगारविरोधी समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि बायकोने लग्नाआधी एकच वचन घेतलं होतं: खेळायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. ते मागताना ती रडली होती. सासूबाईंची भीती सगळ्या गावाला होती, पण त्या रडण्याची भीती फक्त सरासरीसाहेबांना होती.

मॅनेजर कॅमेरा घेऊन लगबगीने आला. "अभिनंदन, साहेब. जरा हसा."

"फोटो कशाला?"

"दारावरच्या फलकासाठी. जिंकणाऱ्याचा फोटो लावायचाच, अशी परवान्याची अट आहे. तुमच्याच खात्याने घातलीय. पारदर्शकता म्हणे."

अट सरासरीसाहेबांनीच सुचवली होती. "मला नकोत हे पैसे."

"असं टाकून नाही जाता येत. मग पेपरात जाहिरात द्यावी लागते, नावानिशी."

"मग मी करू काय?"

"हरा," मॅनेजर समजुतीने म्हणाला. "जिंकलेलं सगळं परत गेलं की फोटो नाही. हरणाऱ्याबद्दल अटीत काही म्हटलेलं नाही."

सरासरीसाहेबांच्या जिवात जीव आला. खेळणारा सरासरी किती वेळात धुऊन निघतो, ते त्यांच्याच अहवालात होतं, आणि तो वेळ फार नव्हता. ते विश्वासाने बसले. मशीनने पुन्हा घंटा वाजवली. त्यांनी मशीन बदललं. तेही वाजलं. मागे बघे जमले. "हाताला गुण आहे, थांबू नका," एक म्हातारा म्हणाला. एका बाईंनी आपलं टोकन त्यांच्या कोटाला लावून घेतलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, कुठे आहात? मागे कसली घंटा वाजतेय?"

"कामावर. माणसं मोजतोय."

"आवाज का कापतोय?"

"सरासरी बघता थंडी आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवून पुन्हा जिवाच्या आकांताने हरायला बसले.

शेवटी मशीनला दया आली. जिंकलेलं गेलं, खिशातलं बसभाड्यापर्यंत सगळं गेलं. सरासरीसाहेब ताडकन उठले, खदाखदा हसले आणि त्यांनी मशीनला मिठी मारली. डोळ्यांसमोर लख्ख काहीतरी चमकलं. मशीनचाच दिवा असेल, असं समजून ते आनंदाने पायी घरी गेले.

सुनावणीत त्यांनी अहवाल वाचला: कर वाढला, आसपासच्या दुकानांची विक्री घटली, निष्कर्ष काढणं अवघड. मग मॅनेजर उठला. "यात एक जमेची बाजू राहिली. समाधान. हा माणूस काल आमच्याकडे सगळं हरला. त्याचा चेहरा बघा." त्याने पुरुषभर उंचीच्या फोटोवरचं कापड ओढलं.

सभागृह आधी फोटोकडे आणि मग सरासरीसाहेबांकडे बघू लागलं. पहिल्या रांगेत बायको बसली होती. ती रडत नव्हती, नुसती बघत होती, आणि त्याने त्यांची पाचावर धारण बसली. सासूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि त्या उभ्या राहिल्या.

"या फोटोची एक प्रत आम्हाला द्या," त्या म्हणाल्या.

चार दिवसांत तोच फोटो दोन्हीकडे झळकला. जुगारघराच्या दारावर: ‘इथे हरण्यातही आनंद.’ आणि समितीने गावभर चिकटवला तेव्हा खाली: ‘शिकलेल्या माणसाचंही असं होतं.’ कोपऱ्यावरच्या छापखान्याला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. सरासरीसाहेब प्रामाणिक माणूस; त्यांनी अहवालाला एका ओळीची भर घातली: ‘परिसरातल्या छपाई व्यवसायाला चालना मिळाली.’

घरी त्यांनी बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. आता रडणार, या धास्तीने ते खाली मान घालून बसले. ती आत गेली, लग्नाचा अल्बम घेऊन आली आणि तिने तो समितीच्या पत्रकाशेजारी उघडून ठेवला.

"वचनाचं मागाहून बघू," ती म्हणाली. "आधी मला सांगा, यातल्या एका तरी फोटोत तुम्ही असे हसलायत?"

"सरासरी बघता..." त्यांनी सुरुवात केली, पण तिच्याकडे बघून पुढचं वाक्य गिळून टाकलं.