गोजराबाईचं घरटं आणि लांडोरीचा कॅमेरा

एका जंगलात, जिथे आपण साधे आहोत हे अजून कोणालाच माहीत नव्हतं, तिथे गोजराबाई नावाची एक शिंपीण राहत होती.

शिंपीण म्हणजे पक्षी, मुलांनो. चिमणीहून लहान, चोच सुईसारखी. भोकराच्या झाडावरची दोन मोठी पानं ती जवळ ओढायची, कडांना चोचीने भोकं पाडायची, त्यातून कापसाचा धागा ओवायची आणि पानांची पिशवी शिवायची. त्या पिशवीत तिचं घरटं. पान ती कधी तोडायची नाही. ते झाडालाच राहायचं, म्हणून हिरवं राहायचं. बाहेरून बघणाऱ्याला नुसतं पान दिसायचं. आत घर आहे हे तिला ठाऊक आणि तिच्या नवऱ्याला. नवरा दिवसभर शेंड्यावर बसून तेच ओरडून सांगायचा, पण तो काय ओरडतो याकडे कोणी लक्ष देत नसे. त्यामुळे सगळं सुरक्षित होतं.

विणीचे दिवस होते. घरटं शिवून झालं होतं. अंडी आठ-दहा दिवसांवर आली होती.

त्याच जंगलात मंदाकिनी नावाची लांडोर होती. लांडोर म्हणजे मोराची बायको. मोर नाचायचा, सगळे बघायचे, आणि ही बाजूला उभी राहून त्याच्या पिसाऱ्यावर कोणी पाय देत नाही ना, ते बघायची. एकदा सहलीला आलेली माणसं झाडाखाली कॅमेरा विसरून गेली. तो मंदाकिनीला सापडला.

आधी तिने नवऱ्याचे फोटो काढले. जंगल म्हणालं, यात नवीन काय? मग तिने पाण्यात वाकून स्वतःकडे बघितलं. मातकट रंग. नक्षी नाही, पिसारा नाही. त्या दिवशी तिला साधेपणाचा शोध लागला.

फोटो कुठे धुतले, असं मधेच विचारू नका. गोष्ट ऐकायची आहे की फोटोचं दुकान काढायचं आहे?

तर मंदाकिनी साध्या गोष्टींचे फोटो काढायला लागली. वाळकं गवत. एकटा दगड. चिखल. फोटो ती पाणवठ्यावरच्या बाभळीच्या काट्यांना अडकवायची. जनावरं पाणी प्यायला यायची आणि तहान विसरून बघत उभी राहायची. रानडुक्कर सकाळपासून चिखलातच लोळत होतं. तेसुद्धा चिखलाच्या फोटोसमोर उभं राहून म्हणालं, "काय सुंदर! आपल्याकडे असं काही राहिलंच नाही."

एक दिवस मंदाकिनी भोकराखाली आली. वर बघितलं. गोजराबाई एक टाका घट्ट करत होती.

"अय्या! तू शिवतेस?"

"मग काय करू? विकत कोण देतंय?"

"स्वतःच्या हातांनी?"

"हात कुठून आणू, ताई? चोचीने."

"किती साधं!" मंदाकिनीने डोळे मिटले. "किती प्रामाणिक टाका!"

गोजराबाईने वळून आपल्याच टाक्याकडे बघितलं. आजवर तिच्या टाक्याला कोणी काही म्हटलं नव्हतं. नवरा तर घरट्यात शिरतानाही टाक्यावर पाय देऊन शिरायचा.

"धागा चोरीचा नाही, एवढं खरं," ती म्हणाली. "कोळ्याचं जाळं घेते थोडंसं. पण तो झोपलेला असतो, त्याला त्रास होत नाही."

"फोटो काढू?"

"काढा की."

मंदाकिनीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. "दिसतच नाही गं काही. नुसतं पान दिसतंय."

"तसंच दिसायला पाहिजे."

"मग लोकांना साधेपणा कळणार कसा? पुढची शिवण उसवतेस का? थोडीशी? आत उजेड जाईल. आणि हे टाके फार सरळ आहेत. घरी शिवल्यासारखे वाटत नाहीत. दोन-तीन वाकडे घाल."

आता बघा, शहाण्या बाईने काय करावं? चोच वर करून निघून जा म्हणावं. पण कौतुक कधी न मिळालेल्याला पहिल्यांदा मिळालं की त्याचं डोकं जागेवर राहत नाही. गोजराबाईने पुढची शिवण उसवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मुद्दाम वाकडे टाके घातले आणि ते चांगले वाकडे आले याचाही तिला अभिमान वाटला.

फोटो पाणवठ्यावर लागला. त्याखाली मंदाकिनीने लिहिलं, 'घर'.

मग काय विचारता. सगळं जंगल भोकराखाली लोटलं. अस्वल आलं, सांबर आलं, रानडुक्कर आलं. प्रत्येकाला घरच्या घरी शिवायचं होतं. खालच्या फांद्यांची पानं ओरबाडली गेली. अस्वलाने पंजात बाभळीचा काटा धरला आणि ते शिवायला बसलं. "शिवताना मन कसं शांत होतं," असं ते म्हणायचं आणि धागा तुटला की शेजारचं झुडूप उपटायचं. तोडलेली पानं संध्याकाळपर्यंत वाळून चुरा व्हायची. मंदाकिनी म्हणाली, "वाळल्यावर तर आणखीच साधी दिसतात." मग सगळ्यांनी आपापल्या शिवलेल्या पिशव्या त्याच झाडाला टांगल्या. पुढून उघड्या, वाकड्या टाक्यांच्या, रिकाम्या. त्यात राहायला कोणीच गेलं नाही. सांबराने विचारलं होतं, राहायचं कसं? सगळे त्याला हसले.

या गर्दीत भारद्वाजही यायचा. तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा. माणसांना भारद्वाज दिसला की चांगला शकुन झाला असं वाटतं. एखाद्या शिंपिणीला विचारा. भारद्वाज दुसऱ्यांची अंडी खातो.

पण बोलायला फार सभ्य. रोज यायचा, मान वाकडी करून गोजराबाईच्या उघड्या घरट्यात डोकवायचा.

"वा, वहिनी. काय मोकळं घर. लपवाछपवी नाही, काही नाही."

"हो ना," गोजराबाई म्हणायची आणि पंख अंगाशी घट्ट धरायची.

"फक्त एक कमी वाटतं. अंडी. अंडी आली की फोटो पुरा होईल. काय मंदाकिनीताई?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" मंदाकिनी म्हणाली. "गोजरा, कधीपर्यंत?"

"बघू."

"मला आधी कळवा हं, वहिनी," भारद्वाज म्हणाला. "मी येईन. रिकाम्या पोटी येईन."

गर्दी पांगल्यावर नवरा शेंड्यावरून खाली आला.

"ऐकलंस का गं? तो येणार म्हणतोय."

"मला कान आहेत."

"मग दुसरं घर शीव."

"अंडं वाट बघत थांबणार आहे का? आणि पानं कुठायत? सगळी त्या अस्वलाने शांत होण्यासाठी नेली."

"मी तुला तेव्हाच म्हणालो होतो, उसवू नकोस."

"तुम्ही काय म्हणालात? तुम्ही 'टुवी टुवी' म्हणालात. रोज तेच म्हणता."

गोजराबाईने उघड्या घरट्याकडे बघितलं. फोटोत ते फार छान दिसत होतं. ऊन थेट आत येत होतं, वारा येत होता, आणि उद्या भारद्वाज येणार होता. तेवढ्यात तिला अंड्याची पहिली कळ आली.

"काय हो," ती म्हणाली, "आता आठ-पंधरा दिवस ओरडायचं नाही. जमेल?"

"अजिबात?"

"अजिबात."

सगळं जंगल पाणवठ्यावर फोटो बघायला गेलं होतं तेव्हा तिने काम केलं. वाकडे टाके उसवले. पानाच्या कडा पुन्हा जवळ ओढल्या आणि पूर्वीसारखे बारीक, सरळ, जवळजवळ टाके घातले. जाण्यायेण्यापुरती फट ठेवली, तीही मागच्या बाजूला. चोच दुखायला लागली, तरी ती थांबली नाही. शेवटचा टाका झाला आणि ती आत गेली. जरा वेळाने बाहेर आली तेव्हा आत एक अंडं होतं.

सकाळी मंदाकिनी आली, कॅमेरा घेऊन. मागोमाग भारद्वाज.

"गोजरा! घरटं कुठाय?"

गोजराबाई पानाशेजारी बसली होती. "मोडलं."

"मोडलंस?"

"विचार केला, ताई. घर कशाला हवं? अडगळ ती. साधेपणाच्या आड येते."

मंदाकिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि अंडी?"

"तीही नकोत म्हटलं. पसारा वाढतो."

शेंड्यावर नवऱ्याने चोच उघडली आणि पुन्हा मिटली.

"म्हणजे इथे आता काहीच नाही?" भारद्वाजने विचारलं. त्याचा आवाज जरा चिरकला.

"पान आहे," गोजराबाई म्हणाली. "बघा ना. हिरवं आहे."

भारद्वाजने एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात मंदाकिनी ओरडली, "मागे व्हा! सावली पडतेय तुमची!" तिने कॅमेरा लावला, श्वास रोखला आणि पानाचा फोटो काढला. "याच्यापुढे साधं काही नाही," ती पुटपुटली. "आता या झाडाला कोणी हात लावायचा नाही. बघायचं ते फोटोत बघायचं." आणि भारद्वाजला पुढे घालून ती पाणवठ्याकडे निघाली.

फोटो बाभळीवर लागला. मंदाकिनीने त्याखाली या वेळी काहीच लिहिलं नाही. जनावरं बराच वेळ नुसती उभी राहिली. अस्वलाने डोळे पुसले. "तिने घरसुद्धा सोडलं," ते म्हणालं. "आपण अजून गुहेत राहतो."

"पण यात आहे काय?" भारद्वाज म्हणाला. "पान तर आहे नुसतं!"

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं. रानडुक्कर म्हणालं, "ज्याला साधेपणा कळत नाही, त्याने निदान गप्प राहावं."

भारद्वाजला जंगलात चारचौघांत वावरायचं होतं. तो फोटोसमोर बसला आणि त्याला सगळं समजतंय असा चेहरा करून बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही बसला. हळूहळू सगळेच तिथे बसू लागले, आणि भोकराकडे कोणी फिरकेना.

त्या पानाच्या आत गोजराबाई अंड्यांवर बसली होती. अंधार होता, ऊब होती आणि फार अडचण होती. पुढे पिल्लं झाली, तेव्हा तर पाय ठेवायला जागा नव्हती. नवरा आळ्या आणून द्यायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. गोजराबाई नंतर सांगायची की तिच्या संसारातले तेच दिवस सगळ्यांत सुखाचे गेले.

तात्पर्य : आपलं साधं घर बघायला कोणी आलं तर त्याला नम्रपणे सांगावं की ते मोडलं, आणि तो गेला की आत जाऊन दार शिवून घ्यावं. खोटं बोलणं वाईट, मुलांनो. पिल्लं उडून गेल्यावर तर कधीच बोलू नये.