लेलेकाकूंची ठमी

लेलेकाकूंच्या घरात अंड्याला प्रवेश नव्हता. अंडं घातलेला केक कुणी आणलाच, तर तो पोर्चमध्येच संपवून मग आत यायचं. आणि त्याच घरात, वरच्या बॉक्सरूममध्ये, काकू साग्रसंगीत उंदीर पाळत. सापाला घालायला.

ही नव्वदच्या सुमाराची गोष्ट. लंडनच्या हॅरोमध्ये त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. साप मुळात त्यांच्या मुलाचा, इकडेच वाढलेल्या निखिलचा. चारेक फुटांची अजगरीण. निखिलनं तिचं नाव क्लिओ ठेवलं होतं, काकूंनी ते परस्पर ठमी करून टाकलं. त्याला एडिनबराला नोकरी लागली, तिथल्या फ्लॅटमध्ये साप चालत नव्हता, म्हणून ठमी आईकडे राहिली.

"काकू, अहो, फ्रोझन उंदीर मिळतात की दुकानात," मी एकदा सुचवलं.

"शिळं? माझ्या घरात?"

उंदीर पांढरेशुभ्र. त्यांना ओट्स, गाजराची सालं, तूप लावलेली पोळी. पिल्लं झालेल्या मादीला डिंकाचा लाडू चुरून. "जिना हळू चढ गं, वर बाळंतीण आहे," असं मला बजावत.

काकूंचे यजमान हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. "ह्यांनी जन्मभर माणसं झोपवली, मी उंदीर झोपवते," काकू म्हणायच्या. "फरक एवढाच, ह्यांची उठायची." पण ते काम उरकलं की आंघोळ करून देवापुढे दिवा लावायच्या.

एका हिवाळ्यात उंदीर भलतेच वाढले. बॉक्सरूममधून पिंजरे जिन्याच्या लँडिंगवर आले, मग टॉवेलांच्या कपाटात. एका रविवारी मी विचारलंच, "ठमी खात नाही का हल्ली?"

काकूंनी मला काचेच्या पेटीपाशी नेलं. आत उबेचा दिवा चालू होता. ठमी नव्हती.

"दिवाळीच्या आधीच गेली. गुलाबाखाली पुरलीय."

तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी तो उचलला आणि शांतपणे म्हणाल्या, "हो रे, जेवली. दोन खाल्ले. कात पण छान टाकलीय."

मी बघतच राहिले. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "हे गेल्यापासून आम्हा मायलेकांना बोलायला विषयच उरला नाही गं. ठमीची चौकशी करायला म्हणून दर रविवारी फोन करतो."

"आणि हे उंदीर?"

"आता कुणासाठी झोपवू त्यांना?"

ईस्टरच्या सुट्टीत निखिल न कळवता आला. मी काकूंकडे चहा पीत होते. बॅग खाली टाकून तो तडक वर गेला, आणि तसाच जिन्यात परत आला.

"आई, क्लिओ कुठे आहे?"

"गेली रे. थंडीच्या आधीच."

"आणि तू एव्हरी संडे मला सांगितली, ती जेवली?"

"नाहीतर तू फोन कशाला केला असतास?"

निखिल पायरीवर बसला. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला. "मला पण साप एवढा आवडत नव्हता, आई," तो म्हणाला. "बट तुला दुसरा काय विचारायचा, मला कळत नव्हता."

काकू उठून जिन्यापाशी गेल्या. त्याच्या शेजारी, त्याच पायरीवर, दाटीवाटीनं बसल्या. मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले.

सुट्टीभर मायलेक उंदरांना घरं शोधत फोन फिरवत होते. बरेचसे गेले. दोघी बाळंतिणी काकूंनी ठेवून घेतल्या.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडेच होते. चहा उकळत होता. फोन वाजला तशी काकू पदर सावरत धावल्या.

"'तुझा आमटी' नाही रे, 'तुझी'. आणि ती अशी नाही होत. आधी फोडणी. मोहरी आहे ना घरात? मग हे बघ..."

बोलता बोलता त्यांनी मला हातानं खूण केली, चहाखालचा गॅस बंद कर. आज वेळ लागणार होता.