आप्पा मगदुमांचं तळं

तळ्याकाठच्या माझ्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगत बसली होती. तेवढ्यात काठी टेकत एक उंच म्हातारा फाटकातून आत आला आणि नाव-गाव काही न विचारता गरजला, "पावणं, तुमच्या संडासाचं पाणी कुठं जातंय?"

मेव्हण्याच्या हातातली जिलबी तोंडापर्यंत पोचलीच नाही.

"टाकीत," मी म्हणालो.

"तळ्यापास्नं किती पावलं?"

मला काय माहीत! म्हाताऱ्याने चपला काढल्या आणि टाकीपासून पाण्यापर्यंत पावलं मोजली. परत येऊन म्हणाला, "पंच्याऐंशी. चालतंय. जेवा आता." आणि स्वतःच पंगतीत बसला.

हे आप्पा मगदूम.

माझं कोल्हापुरात चष्म्याचं दुकान. मलकापूरच्या अलीकडे ह्या तळ्याभोवती आम्हा दहा-बारा जणांची घरं आहेत, पण सगळे शनिवारी येणारे आणि रविवारी जाणारे. कायमचे राहणारे एकटे आप्पा. तळ्याची सगळी पंचाईत त्यांच्याकडे. कुणी साबण घेऊन पाण्यात उतरला, गाडी काठावर धुतली, बागेत औषध मारलं, की आप्पा हजर. "खाली पाणी हाय, पावणं!" एवढंच ओरडायचे, पण ते समोरच्या काठावरही ऐकू जायचं. शेजारच्या डॉक्टरांनी अंगणात दिव्यांच्या माळा लावल्या तर ह्यांनी, "किडं मरत्यात, मग मासं काय खातील?" म्हणून त्या उतरवायला लावल्या. डॉक्टरांनी उतरवल्या. वाद घालण्यापेक्षा अंधार बरा.

आणि ह्या माणसाने शिरोळला चाळीस वर्षं खताचं दुकान चालवलेलं! मी हिरवळीला युरिया टाकत होतो तेव्हा त्यांनी हातातलं घमेलंच काढून घेतलं. मी चिडून म्हणालो, "आप्पा, जन्मभर तुम्हीच विकलंत की हे!"

"म्हणूनच म्हणतोय," आप्पा म्हणाले. "ते कुठवर जातंय, मला म्हाईत हाय."

खरा प्रसंग घडला ऑगस्टमध्ये. माझ्या घरासमोर काठच्या पाण्यात पुरुषभर उंचीची पाणकणसं माजली होती. ओट्यावर बसून पाणी दिसेना. शनिवारी आप्पा शिरोळला गेल्याची संधी साधून मी गडी लावला आणि सगळी कापून घेतली. काय झकास देखावा दिसायला लागला! रात्रभर पाऊस कोसळला. रविवारी सकाळी चहा घेऊन ओट्यावर आलो, तर आप्पा काठावर उभे.

म्हटलं, आता शिव्या. पण आप्पा माझ्याकडे बघतच नव्हते. पाण्यावर शेवाळाचा, काड्यांचा एक ढीग तरंगत चालला होता. त्याच्याभोवती एक छोटंसं तपकिरी पाखरू बुड्या मारत, ओरडत फिरत होतं.

"टिबुकली," आप्पा म्हणाले. "घरटं हाय तिचं. कणसांना बांधलं हुतं."

ती कणसं काल माझ्या गड्याने कापली होती. तळं भरून सांडव्यावरून पाणी पडत होतं आणि घरटं सरळ तिकडेच निघालं होतं.

"पोहता येतंय?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"मलापन न्हाय. चला!"

आप्पांच्या परसात गुऱ्हाळातली जुनी काहील पडलेली होती, गुळाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई. ती आम्ही ढकलत पाण्यात आणली. "शिरोळात पुराच्या टायमाला ह्यातनंच माणसं काढल्यात," म्हणत आप्पा आत बसले, मलाही ओढलं आणि वल्हं म्हणून एक फळी हातात दिली. काहील भोवऱ्यासारखी गरगरायला लागली. मी डोळे मिटून घेतले.

"डोळं उघडा! चष्मंवालं तुम्ही!" आप्पा ओरडले. "फळी मारा! डावीकडं! तुमचं डावं कुठलं हाय ओ?"

सांडव्याचा आवाज वाढत चालला. काठावर डॉक्टर आणि त्यांची बायको ओरडत होते. धीर देत होते की परत बोलावत होते, कळेना. शेवटी आप्पांनी काठी लांबवून ढिगाला आडवी लावली. वरचं शेवाळ जरा सरकलं. आत मळकट पांढरी चार अंडी.

"मारा, पावणं, मारा!" मी फळी मारत सुटलो. एवढ्या जोरात मी आयुष्यात काही केलेलं नाही. ढीग काठीने हळूहळू लोटत आम्ही आप्पांच्या घरासमोरच्या कणसांत आणला. आप्पांनी गळ्यातला मफलर फाडून त्याने ढीग कणसांना बांधला. दूर जाऊन तासभर भिजत बसलो. टिबुकली आली, घिरट्या घातल्या, आणि चढून बसली. मी शिट्टी मारली. आप्पांनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी, दुकानात फोन. "फुटली! सगळी फुटली! या!" गिऱ्हाईक समोर सोडून मी गाडी काढली.

आप्पा कणसांआड अंग चोरून बसले होते. आईच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांची चार पिल्लं. त्यातलं एक घसरून पाण्यात पडलं.

"हळू गं, हळू," आप्पा कुजबुजले. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या मळ्याजवळ तळं हुतं. लई टिबुकल्या. आमची कारभारीण दुपारचं जाऊन बघत बसायची. एक दिवस म्हनली, पानी हिरवं झालंय, पाखरं जायला लागल्यात. मी म्हनलं, ऊस बघ की कसा आलाय! ती हुती तवर येकदाबी तिच्या शेजारी बसलो न्हाय बघा."



"दुकान उघडं टाकून आलाय न्हवं? जावा आता," आप्पा म्हणाले, आणि ढुंगणाखालची गोणपाटाची घडी उलगडून अर्धी माझ्याकडे सरकवली.

मी बसलो.