वानखेडेकाकांची झडती

"पिशवी उघड, बाई."

वानखेडेकाकांचं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ना ओळख ना पाळख, डायलिसिसच्या खोलीच्या दारात हा माणूस हात आडवा धरून उभा. माझं डोकंच फिरलं. आत माझ्या नवऱ्याला मशीनला लावलेलं, वडनेरहून एसटीत उभ्यानं आलेली मी, आणि हा कोण लागून गेला? त्यांनी माझ्या पिशवीतून शहाळं आणि केळी काढून बाकावर ठेवली.

"किडनीच्या पेशंटले नारळपाणी? मारून टाकतं का नवऱ्याले?"

पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या गेटवर काकांचा जन्म गेला. आत जाणाऱ्याच्या खिशातली काडेपेटी काढून घ्यायची, हेच काम. रिटायर झाले, काकूंना डायलिसिस लागलं, आणि काकांना नवं गेट मिळालं. आजाऱ्याकडे संत्री-केळी घेऊन जाणं ही आपली रीत. इथे नेमकी तीच जिवावर बेततात, त्यातलं पोटॅशियम हृदयाला झेपत नाही. डॉक्टर सांगून थकतात, नातेवाईक ऐकतात होय! काका मात्र ऐकवायचे. "केळं म्हणजे बारूद हाय, बारूद." काकूंच्या सख्ख्या भावाचीही थैली त्यांनी सर्वांदेखत उलटी केली. तो रुसला तो रुसलाच. जप्त केलेला माल सिस्टरच्या टेबलावर जायचा, त्यामुळे सिस्टर कायम काकांच्या बाजूच्या.

मला मात्र त्यांनीच शिकवलं. बटाटे चिरून पाण्यात भिजवायचे, ते पाणी फेकायचं, म्हणजे त्यातलं पोटॅशियम कमी होतं. डायलिसिसची सुई टोचतात त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, समोर कोणीही असो.

मग यंदाच्या उन्हाळ्यात आमचे हे हटून बसले. "आता नाई जात मी. किती टोचून घेऊ?" डायलिसिसची एक खेप चुकवली. मी रडले, भांडले. डायलिसिस सोडलं की माणूस जातो, हे त्यांना काय माहीत नव्हतं? शेवटी काकांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी काका वडनेरला हजर. मला वाटलं, आता यांची चांगली खरडपट्टी निघते. पण काका खाटेजवळ नुसते बसून राहिले. चहाला हात लावला नाही.

"सुधाकर, डायलिसिसले काकूच्या बाजूच्या खाटेवर तू नव्हता. तुही काकू म्हणते, तो सुटला, आता मलेबी सोडा. तिनं सोडलं तं मी घरी कोणासंग बोलू? मले भेव लागते, बापा."

हे भिंतीकडे तोंड करून पडले होते, ते हळूहळू उठून बसले.

"माही शाल कुठी ठेवली?" यांनी मला विचारलं. मशीनवर हुडहुडी भरते, म्हणून भर उन्हाळ्यातही यांना शाल न्यावी लागते. मग काकांकडे वळून म्हणाले, "काकूले फोन लावा. सांगा, सुधाकर येऊन राह्यला म्हणून."

काकांनी फोन माझ्यापुढे धरला, नंबर मीच लावून दिला.