तीन बाटल्या आणि कार्यालयाची जीभ

शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात पाणी चाखण्याचं एक मंजूर पद होतं आणि त्या पदावर सव्वीस वर्षं एकच गृहस्थ होते. रोज सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेच्या ओट्यावर सहा पेले मांडले जात, शहरातल्या प्रत्येक टाकीचा एक. गृहस्थ प्रत्येकातला एक घोट घेत, डोळे मिटून गिळत आणि नोंदवहीत लिहीत: रंग, नाही. वास, नाही. चव, नाही. शेरा, समाधानकारक. चांगल्या पाण्याला चव नसते आणि चांगल्या कर्मचाऱ्याला मत नसतं, ही दोन्ही तत्त्वं त्यांच्या ठायी एकवटली होती. त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. सगळे त्यांना चाखणकर म्हणत.

पदाची शिस्त कडक होती. सेवानियमांच्या कलम चौदानुसार चाखणाऱ्या कर्मचाऱ्याने मद्य, तंबाखू, कच्चा लसूण आणि तीव्र मतं यांपासून दूर राहायचं होतं. चाखणकर चारही गोष्टींपासून दूर राहिले. घरी बायको ताट वाढून विचारायची, "कसं झालंय?" ते म्हणायचे, "ठीक आहे." सुरुवातीची काही वर्षं ती रुसली. मग तिने विचारणं सोडून दिलं.

अशातच मोठे साहेब परदेशातल्या एका जलपरिषदेहून परत आले. येताना त्यांनी पाण्याविषयी काही आणलं नाही, पण टकीला नावाच्या पेयाविषयी बरंच आणलं. नव्या शुद्धीकरण केंद्राचं उद्घाटन दोन आठवड्यांवर आलं होतं. त्या समारंभात पाहुण्यांना टकीलाच द्यायची, असं साहेबांनी बैठकीत जाहीर केलं.

"व्हिस्की आता कोणीही पितं," ते म्हणाले. "आपलं खातं मागासलेलं दिसता कामा नये. मात्र ती परवडणारी हवी. खर्चावर लोकांचा डोळा असतो."

आस्थापना शाखेच्या बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. कुठलाही द्रवपदार्थ घेण्याआधी तीन नमुन्यांची तुलना करणं बंधनकारक होतं. ही तुलना खात्याच्या अधिकृत जिभेने करायची होती. अधिकृत जीभ कार्यालयात एकच होती.

"पण मी कधी थेंबही घेतलेला नाही," चाखणकर म्हणाले.

"म्हणूनच तुमचं मत निःपक्षपाती," साहेब म्हणाले.

"आणि कलम चौदा?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "कलम चौदा मद्याच्या सेवनाला मनाई करतं. तुम्ही सेवन करणार नाही, चाखणार आहात. चाखणं हे तुमचं काम आहे, चाखणकर. कामाला सेवन म्हणत नाहीत."

दुसऱ्या दिवशी चाखणकर आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानात शिरले. दुकानदाराने त्यांच्याकडे, त्यांच्या हातातल्या मागणीपत्राकडे आणि पत्रावरच्या शिक्क्याकडे आळीपाळीने पाहिलं. मग परवडणाऱ्यांतल्या तीन बाटल्या काढून फळीवर ठेवल्या. पहिली सोनेरी होती, तिच्यावर उधळलेला घोडा होता. दुसरी पाण्यासारखी पांढरी, औषधाच्या बाटलीसारखी बुटकी, आणि तिचं लेबल जरा तिरकं चिकटलेलं. तिसरी जाड निळ्या काचेची. तिला लाकडी बूच होतं आणि ती उचलायला दोन हात लागत.

"हिच्यात जास्त मावतं का?" चाखणकरांनी विचारलं.

"तेवढंच मावतं. काच जास्त आहे," दुकानदार म्हणाला. "नवीन आहात ना? मग एक सांगतो. ही घायपातासारख्या झाडाच्या गड्ड्यापासून करतात. गड्डा भाजतात, रस काढतात. काही कंपन्या निव्वळ त्याचीच करतात, काही साखर मिसळतात. सोनेरी रंग पिंपात मुरल्याने येतो, नाहीतर करपलेल्या साखरेने. लोक आधी मीठ चाटतात, मग घोट मारतात, मग लिंबू चावतात."

"मीठ आणि लिंबू कशासाठी?"

"चव लागू नये म्हणून."

"मग पितात कशासाठी?"

"ते मला विचारू नका. मी विकतो." मग चाखणकरांचा गंभीर चेहरा पाहून त्याला बहुधा दया आली. "तुम्हाला खरंच चाखायची असेल तर मीठ-लिंबू बाजूला ठेवा. आधी वास घ्या, पण नाक खुपसू नका. घोट लहान घ्या, तोंडात फिरवा, गिळा आणि श्वास नाकाने सोडा. घाई करू नका."

घाई न करण्याचा सल्ला चाखणकरांना कार्यालयाबाहेर प्रथमच मिळाला होता.

अकरा वाजता ओट्यावर तीन पेले मांडले गेले: अ, ब आणि क. टकीलासाठी वेगळा नमुनातक्ता नव्हता, म्हणून पाण्याचाच घेतला. त्यात रंग, वास, चव, गढूळपणा आणि जंतू असे रकाने होते. चाखणकरांनी सवयीने अ पेला तोंडाला लावला आणि पाण्यासारखा गिळला. पुढची पाच मिनिटं ते ओट्याला धरून उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कानांतून वाफ निघतेय की काय असं त्यांना वाटत होतं. वासाच्या रकान्यात त्यांच्या हाताने आपणहून "ना" लिहिलं आणि हात तिथेच थांबला. सव्वीस वर्षांत त्या रकान्यात दुसरा शब्द कधी गेला नव्हता.

ते तसेच बाईंकडे गेले. "वास आहे. तो कसा लिहायचा?"

"जो असेल तो लिहा," बाई म्हणाल्या. "एका ओळीत मावेल असा."

चाखणकर परत येऊन बसले. दुकानदाराने सांगितलं होतं तसं त्यांनी केलं. अ मध्ये त्यांना नव्या कपाटाच्या रंगाचा वास आला. चव आधी करपलेल्या साखरेची होती आणि मग घशाशी नुसती भांडणारी. मग त्यांनी ब उचलला, लहान घोट घेतला, तोंडात फिरवला, नाकाने श्वास सोडला आणि बराच वेळ काही लिहिलं नाही. आधी ताज्या कापलेल्या गवतासारखं काहीतरी आलं. मागून मिरी आली. सगळं गेलं असं वाटत असताना, अगदी शेवटी, भाजलेल्या रताळ्याचा गोडवा जिभेच्या कडेला येऊन बसला. चाखणकर त्याच्याकडे लक्ष देत राहिले. कोणीतरी आपल्याला नावाने हाक मारावी तसं त्यांना वाटलं. क मध्ये लाकडी बुचाचा वास होता, मग व्हॅनिलाचा, आणि त्यापुढे काहीच नव्हतं.

नियमानुसार तीन दिवस तीन नोंदी घ्यायच्या होत्या. चाखणकरांनी घेतल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या तक्त्याला तीन पुरवण्या जोडाव्या लागल्या.

त्या दिवशी घरी जेवताना पहिल्याच घासाला ते थांबले. "आज कांदा जरा जास्त परतलाय. छान लागतोय."

बायकोने वाढण्याचा चमचा खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"कांदा. कडेला किंचित करपलाय, त्याने गोडी आलीये."

तिने त्यांना न विचारता आणखी वाढलं आणि ते जेवून उठेपर्यंत समोर बसून राहिली.

चौथ्या दिवशी चाखणकर पुन्हा पाण्याकडे वळले. पहिल्या तीन टाक्या ठीक होत्या. चौथ्या टाकीचा घोट त्यांनी घेतला आणि थुंकावा की गिळावा हे त्यांना कळेना. पाण्यात गंज होता. गंजाच्या मागे शेवाळ होतं, आणि त्याच्याही मागे, जिथे नेमकं रताळं असायला हवं होतं तिथे, भिजलेल्या जुन्या चपलेसारखं काहीतरी. त्यांनी पेला विसळून नवा नमुना मागवला. तोही तसाच निघाला. पाचवी टाकी तशीच, सहावी थोडी बरी.

पाणी या तीन दिवसांत बिघडलं असेल का, असा विचार त्यांनी करून पाहिला. पण गंज काही तीन दिवसांत चढत नाही. आपण खोटं कधीच लिहिलं नव्हतं, आपल्याला काही लागतच नव्हतं, ही गोष्ट त्यांना फार लागली. चौथ्या टाकीवर शहरातल्या दोन शाळा आणि एक प्रसूतिगृह होतं. त्यांनी पेन उचललं आणि चवीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: गंज, शेवाळ, चप्पल. शेरा, पिण्यास अयोग्य.

अर्ध्या तासात त्यांना मोठ्या साहेबांसमोर उभं राहावं लागलं. टेबलावर टकीलाचा तक्ता होता आणि शेजारी नोंदवही. आस्थापनेच्या बाईंनी दार लावून घेतलं.

"आधी सोपं घेऊ," साहेब म्हणाले. "तुम्ही ब ला पहिला क्रमांक दिलात. ती औषधाची बाटली पाहुण्यांसमोर ठेवायची? परिषदेत मी स्वतः क घेतली होती."

"ब चांगली आहे, साहेब. स्वस्तही आहे."

"तुम्हाला काय आवडलं ते विचारलं नव्हतं, चाखणकर. काय आवडायला हवं ते विचारलं होतं. असू दे, तो क्रमांक आम्ही दुरुस्त केलाय." त्यांनी नोंदवही पुढे ओढली. "हे काय आहे?"

"चौथी आणि पाचवी टाकी. पाण्याला चव आहे."

"चार दिवसांपूर्वी नव्हती."

"असावी, साहेब. मला लागत नव्हती."

"कधीपासून असावी?"

चाखणकरांनी खरं उत्तर दिलं. "मी नोकरीला लागलो तेव्हापासून असेल. त्याआधीचं सांगता येणार नाही."

ही नोंद मान्य केली तर टाक्या बंद कराव्या लागणार होत्या, रस्ते खणावे लागणार होते आणि सव्वीस वर्षांच्या समाधानकारक शेऱ्यांची चौकशी लागणार होती. समारंभ आठवड्यावर आला होता. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या.

बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. "चाखणकर, टकीला चाखून तुम्ही थुंकलीत की गिळलीत?"

"गिळली. पाणीही मी गिळतोच."

"पाणी गिळणं कर्तव्यात येतं. मद्य गिळलं की ते सेवन होतं." त्यांनी कलम चौदावर बोट ठेवलं. "तीन दिवस सेवन झालंय. जीभ अधिकृत राहिलेली नाही. तेव्हा पाण्याला जी चव लागली ती पाण्यात नसून जिभेत आहे."

"पण तुम्हीच तर म्हणाला होतात—"

"ते चाखण्याआधीचं मत होतं. आता परिस्थिती बदलली."

साहेबांचा चेहरा उजळला. चौकशी त्याच दुपारी बसली आणि चहा यायच्या आत उठली. दोष टाकीत नसून कर्मचाऱ्यात असल्याचं निष्पन्न झालं. मद्यपानाच्या आहारी गेल्याबद्दल चाखणकरांना सक्तीने निवृत्त करण्यात आलं. आदेशासोबत त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभारही मानण्यात आले. रिकाम्या पदावर बारमाही सर्दी असलेल्या एका गृहस्थांची नेमणूक झाली. समारंभात क आणली गेली. पाहुण्यांनी मीठ चाटलं, लिंबू चावलं, पेल्यात चौथ्या टाकीच्या पाण्याचा भरपूर बर्फ घातला आणि चव अप्रतिम असल्याचं एकमुखाने सांगितलं.

चाखणकर घरी बसले, पण गप्प बसले नाहीत. दारात एक टेबल मांडून त्यांनी त्यावर सहा पेले ठेवले आणि प्रत्येकापुढे टाकीचा क्रमांक लिहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याने एक घोट घ्यावा, इतकीच त्यांची विनंती होती. पहिला घोट बायकोने घेतला, चौथ्या टाकीचा.

"गंजच आहे," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून आपल्या नळाच्या पाण्यालाही लागतोय. म्हणून तर मी रोज गाळून उकळून घेते."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही काय म्हणाला असता? ठीक आहे म्हणाला असता."

चाखणकर उठून स्वतः पाणी उकळायला गेले.

दरम्यान कार्यालयातून बातमी फुटली होती. एका माणसाने परवडणाऱ्या टकीलांची शास्त्रशुद्ध तुलना केली, खरं लिहिलं आणि त्यापायी नोकरी घालवली, हे कळताच शहराचा त्याच्यावर विश्वास बसला. दारात माणसं येऊ लागली. आधी शेजारी आले, मग शेजाऱ्यांचे मेहुणे, मग ज्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय असे बाप. त्या दोन शाळांतल्या एका शाळेचे मुख्याध्यापकही आले. चाखणकरांनी लगबगीने चौथा पेला त्यांच्यापुढे धरला.

"एक घोट घेऊन पाहा, सर. तुमच्याकडे हेच पाणी येतं."

मुख्याध्यापकांनी पेला हातात घेतला, सौजन्य म्हणून थोडा फिरवला आणि न पिता खाली ठेवला. "घेतो, घेतो. पण आधी ती ब कुठली ते सांगा ना. शनिवारी व्याही येणार आहेत."

चाखणकरांनी त्यांना नाव सांगितलं नाही. आधी पाणी चाखा, मग सांगतो, अशी अट त्यांनी घातली आणि ते आजही तिला धरून आहेत. अट कोणी मोडत नाही, कोणी पाळतही नाही. रांग मात्र वाढत चालली आहे. तुम्हीही बाटल्या फळीवर मांडल्यापासून त्या नावाचीच वाट पाहत आहात, हे लेखकाच्या लक्षात आलेलं आहे. तेव्हा जाऊन रांगेत उभे राहा. ऊन आहे, वेळ लागेल. तहान लागली तर कोपऱ्यावर नळ आहे.